एकदा धक्का झेललेली सीट

मित्रांनो, मी फार दमले आहे. कुणी आपली गोष्ट अशा रडगाण्याने सुरू करू नये, हे मला कळते. पण जे आहे ते आहे. तान्ह्या बाळाला गाडीतून नेताना ज्या सीटमध्ये बसवतात, तशी मी एक जुनी सीट आहे. रूप म्हणाल तर टोपलीसारखे. वरती उचलायला कमानीसारखी मूठ, आत पट्टे, आणि अंगावर कधीकाळी निळा असलेला कपडा. सध्या मी एका बेकरीच्या मागच्या दाराशी, रिकाम्या पोत्यांना टेकून पडले आहे. भंगारवाला येईपर्यंत वेळ आहे, तोवर तुम्हाला सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला. गरम प्लॅस्टिक साच्यात पडले आणि माझी पाठ तयार झाली. तिच्या आत फोमचे जाड अस्तर बसवले, वरून कपडा चढवला. शेवटी एक बाई प्रत्येक पट्टा दोन्ही हातांनी, पाय रोवून ओढून पाहत असे. माझाही ओढला. तेव्हा मला वाटले, ही बाई माझ्यावर का चिडली आहे? पुढे कळले, ती चिडलेली नव्हती. असे ओढणारे कुणी भेटणे हे भाग्याचे असते.

दुकानात आम्ही तीन बहिणी एका फळीवर होतो. थोरली धिप्पाड होती. ती गाडीतच कायम बसवायची, बाळ तान्हे असेपर्यंत तिचे तोंड मागे, मोठे झाले की पुढे. मधली मी, तान्ह्यासाठीच केलेली, बाळासकट उचलून नेता येणारी. आणि धाकटी आडवी, पाळण्यासारखी. तिच्याकडे गिऱ्हाइके बघतसुद्धा नसत.

एके दिवशी एक जोडपे आले. बाई अवघडलेली होती, कमरेवर हात ठेवून सावकाश चालत होती. दोघांची बेकरी होती, नवऱ्याच्या भुवयांवर अजून मैदा होता. त्या बाईला सगळे ताई म्हणत, म्हणून मीही तिला ताईच म्हणते. तिचे आईवडील लवकर गेले होते आणि धाकट्या भावाला तिनेच लहानाचा मोठा केला होता. त्यामुळे ताई बोलली की घरात विषय संपला, अशी रीतच पडून गेली होती.

"मोठी घेऊ," नवरा म्हणाला. "एकदा घेतली की चार वर्षं बघायला नको."

"गाडीत मावेल का ती?" दुकानदारीणबाईंनी विचारले. "आधी बसवून बघा."

थोरलीला गाडीत नेले. मागे तोंड करून ती बसेना. बसवण्यासाठी पुढची सीट इतकी सरकवावी लागली की नवऱ्याचे गुडघे थेट स्टिअरिंगला टेकले.

"आता तुम्ही नाकाने गाडी चालवा," ताई म्हणाली.

मग मला बसवले. मी पहिल्या खेपेतच नीट बसले, हलवून पाहिले तरी हलले नाही. दुकानदारीणबाई म्हणाल्या, "तान्ह्याचं डोकं जड आणि मान कच्ची. म्हणून त्याचं तोंड मागेच हवं. ब्रेक लागला तर भार पाठीवर येतो, मानेवर येत नाही. पुढच्या सीटवर कधी ठेवू नका. आणि पट्टा असा आवळा की चिमटीत धरता येता कामा नये."

"आणि ती आडवी?"

"ती वेळेआधी झालेल्या, अगदी लहान बाळांसाठी. डॉक्टर सांगतील तेव्हाच."

ताईला मुलगी झाली. गुबगुबीत, गालांत डोळे बुडालेली. घरात तिला ढमी म्हणू लागले. ढमी माझ्यात पहिल्यांदा बसली तेव्हा मला माझा जन्म कशासाठी झाला ते कळले. तिचा सारा भार माझ्या पाठीवर यायचा आणि ती निजायची. ताई रोज पट्टा आवळायची, चिमटीत येतो का पाहायची. थंडीतही जाड कोट काढून, पट्टा लावून, मग वरून पांघरूण घालायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग तो दिवस आला. गल्लीच्या तोंडाशी एक सामानाचा टेम्पो न बघता बाहेर आला. ताईच्या नवऱ्याने ब्रेक दाबला, तरी धडक बसलीच. गाडीचे नाक चेपले. ढमी पाठीमागे माझ्यात जोरात दाबली गेली, आणि तो सगळा जोर मी घेतला. माझ्यातले फोमचे अस्तर असते ना, ते त्यासाठीच असते. ते स्वतः चिरडून घेते आणि बाळाला वाचवते. पण चिरडलेला फोम परत फुगत नाही, मित्रांनो. माझ्या पाठीत आतून एक लांब चीर गेली. बाहेरून काही दिसत नव्हते.

ढमीला खरचटलेसुद्धा नाही. झोपमोड झाली म्हणून तेवढी रडली.

त्या दिवसापासून माझे कौतुक सुरू झाले. बेकरीत पाव घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ताई मला दाखवायची. "हिनं माझी पोर वाचवली," म्हणायची. लोक माझ्या मुठीवरून हात फिरवायचे. आणि एवढे कौतुक करून झाल्यावर ताईने ढमीला पुन्हा माझ्यातच बसवले.

तिचे काय चुकले? जिने वाचवले तिच्यावरच आपण विश्वास ठेवतो. पण त्या दिवसांत मी जितकी थकले तितकी आयुष्यात कधी थकले नाही. रस्त्यात कुणी आडवे आले, ब्रेक लागला, की माझी चीर आतून करकरायची. मला ठाऊक होते, पुढचा धक्का मला झेलता येणार नाही. बोलता येत नव्हते. ताई मला पुसायची ती ओल्या फडक्याने, वरूनच. कपडा काढणे जिकिरीचे काम, बेकरी सांभाळून कुणाला वेळ असतो? देवाची कृपा म्हणा, पुढचा धक्का आला नाही. ढमी मोठी झाली, माझ्यात मावेना, आणि मी माळ्यावर गेले.

माळ्यावर मी नुसती पडून राहिले. कुणी माझ्यात लोकरीचे गुंडे ठेवले, कुणी केकचे जुने साचे. धूळ बसली. खरे सांगू, मला वाईट वाटले नाही. वाटले, सुटले एकदाची.

पण ताईच्या भावाच्या बायकोला दिवस राहिले. भाऊ छापखान्यात कामाला, बायको शाळेत शिकवणारी. बाळ वेळेआधीच झाले. मुलगी, इतकीशी की भावाचा तळवा तिला पाठीखाली पुरायचा. भाऊ घाबरला की विनोद करतो. त्याने तिचे नाव पावशेर ठेवले. कितीतरी दिवस पावशेर काचेच्या पेटीत होती. मग डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, गाडीची सीट घेऊन या.

भाऊ नवी बघायला निघाला होता. ताईने त्याला दारातच अडवले.

"नवी कशाला? आपली आहे ना. ढमीला वाचवलेली."

"ताई, ही फार लहान आहे गं."

"लहान आहे म्हणूनच म्हणते. पायगुणाची सीट आहे."

भावाने घातलेल्या चपला पुन्हा काढल्या. ताईने मला माळ्यावरून काढले, स्वतः पुसले, पट्ट्यांचे काळे झालेले बक्कल चिंचोळ्या ब्रशने घासले. तिच्या हातांत इतकी माया होती की मला रडू आले. आणि भीती तर अशी वाटली की सांगता सोय नाही.

रुग्णालयाच्या खोलीत दुपारचे ऊन पडले होते. पलंगावर भावाची बायको बसली होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळे. नर्सबाई म्हणाल्या, "निघायच्या आधी बाळाला सीटमध्ये थोडा वेळ बसवून बघतो आम्ही. श्वास नीट चालतो का ते कळतं." त्यांनी पावशेरच्या पायाला श्वास मोजणाऱ्या यंत्राची तार लावली आणि तिला माझ्यात ठेवले. तिचे वजन मला जाणवलेच नाही. पट्टे तिच्या खांद्यांच्या वर कुठेतरी राहिले. आणि हळूहळू तिची मान पुढे आली. हनुवटी छातीला टेकली. तिचा श्वास माझ्या कपड्यावर येत होता, तो बारीक झाला, मग येईचना. यंत्र वाजू लागले.

नर्सबाईंनी तिला झटकन उचलले, पाठीवर आडवी ठेवली. श्वास परत सुरू झाला.

"हिला बसवायचं नाही," त्या म्हणाल्या. "हिला आडवीच सीट लागेल."

"जरा वेळ गेला की सवय होईल," ताई म्हणाली. "माझी ढमी हिच्यातच वाढली."

"ढमी झाली तेव्हा केवढी होती?"

ताईचा चेहरा उतरला. भाऊ एकदा बहिणीकडे, एकदा बायकोकडे बघत होता. त्याच्या मनात काय चालले होते ते मला दिसत होते. ज्या हातांनी त्याला भरवले, ते हात तो कसे दूर लोटणार?

शेवटी बायकोच बोलली. आवाज अगदी हळू होता.

"ताई, तुम्ही मायेनं आणलीत. पण हिला श्वास घेता यायला हवा. मी हिच्यातून नाही नेणार."

"अगं, कपडा फुगलाय, त्यानं मान पुढे जाते," ताई म्हणाली. "कपडा काढला की बघ कशी नीट बसते." आणि तिने माझ्या कडेची बटणे सोडवायला घेतली. एकेक बटण सुटत गेले, कपडा वर झाला.

चीर पाहून सगळे थांबले. डोक्याच्या जागेपासून ती खाली कमरेपर्यंत गेली होती. कडेचा फोम तर भुगा होऊन ताईच्या बोटांना लागला.

"हिला कधी अपघात झाला होता का?" नर्सबाईंनी विचारले.

"झाला होता की," भाऊ म्हणाला. "त्यातूनच तर..." आणि त्याचे वाक्य तिथेच राहिले.

"मग हिचं काम त्याच दिवशी संपलं होतं," नर्सबाई म्हणाल्या. रागावून नाही, आपल्या घरच्यांना सांगावे तशा.

ताई खुर्चीत बसली. तिने बोटांवरचा भुगा चोळून पाहिला. मग म्हणाली, "आणि मी ढमीला त्यानंतरही हिच्यातच फिरवली. सगळ्या गावाला दाखवत फिरवली."

भावाची बायको पलंगावरून उतरली. अंगात अजून ताकद नव्हती, तरी आली आणि ताईच्या शेजारी बसली. तिने ताईच्या बोटांवरचा भुगा पुसून काढला. थोड्या वेळाने ताईने पदराने डोळे पुसले आणि भावाला म्हणाली, "चल, ऊठ. दुकान बंद व्हायच्या आत आडवी घेऊन येऊ. आणि बघ, आधी गाडीत बसवून बघायची."

आडवी सीट आली. भाऊ आणि ताईने ती मागच्या सीटवर आडवी बसवली, नर्सबाईंनी खाली येऊन पट्टे तपासले. मला डिकीत टाकले होते. तिथून मला काही दिसत नव्हते, पण ऐकू येत होते. भाऊ काठोकाठ भरलेली पाण्याची परात न्यावी तशी गाडी चालवत होता. ताई पुढे त्याच्या शेजारी बसली होती, आणि त्याची बायको मागे बाळाजवळ. ताई मध्येच मान वळवून विचारायची, "श्वास चालतोय ना गं?" आणि भावाची बायको म्हणायची, "चालतोय, ताई." पुन्हा थोड्या वेळाने तेच. असे करत सगळे घरी पोचले.

दुसऱ्या दिवशी मी बेकरीच्या मागे होते. शेजारीण पाव न्यायला आली, तिची नजर माझ्यावर पडली.

"टाकताय वाटतं ही? मला द्या की. सुनेला दिवस गेलेत. चांगली तर दिसतेय."

"दिसते खरी," ताई म्हणाली. "पण कुणालाच नाही द्यायची." आणि तिने शेजारणीला कपडा वर करून सगळे दाखवले.

शेजारीण गेली. ताई आत गेली आणि पोती कापायची मोठी कात्री घेऊन आली. ढमी आता शाळेत जाणारी झाली आहे. ती पायरीवर बसून वाळलेला पाव कुरतडत होती.

"आई, पट्टे का कापतेस? ती तर आपली आहे ना?"

"आपली आहे म्हणूनच," ताई म्हणाली. "नाहीतर कुणीतरी उचलून नेईल आणि हिला परत कामाला लावील."

पट्टे जाड होते. ताईला जोर लावावा लागला. एक तुटला, दुसरा तुटला. मग तिने कात्री खाली ठेवली आणि माझ्या पाठीवर, बरोबर त्या चिरेवर, हात ठेवून थोडी बसली. दुखले का, असे तुम्ही विचाराल. नाही, मित्रांनो. कितीतरी वर्षांनी अंग सैल झाले.

माझी एकच विनंती आहे. घरात बाळ येणार असेल तेव्हा सीट घ्या ती त्या बाळाच्या अंगाची, तुमच्या गाडीत घट्ट बसणारी. थोरल्याला चालली ती धाकट्याला चालेलच असे नाही. आणि कुणी प्रेमाने जुनी सीट आणून दिली, तर प्रेम ठेवून घ्या, पण सीटला आधी विचारा, बाई, तुला कधी धक्का बसला आहे का? आम्हाला बोलता येत नाही. तेव्हा तेवढा कपडा वर करून तुम्हीच बघा, आणि देणाऱ्यालाही विचारा. कारण काही जखमा कपडा काढूनही दिसत नाहीत.