माझी एकच कड का झिजली

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. होड्या दगडाला घासू नयेत म्हणून मला मालवणच्या धक्क्यावर दोरीने बांधलं आहे. नीट बघाल तर माझी बाहेरची कड पार गुळगुळीत झाली आहे आणि आतल्या कडेची नक्षी अजून शाबूत आहे. येणारेजाणारे म्हणतात, "टायरच भिकार!" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. म्हणून खरं काय ते सांगतो.

रबराच्या चिकापासून कारखान्यात माझा जन्म झाला. साच्यातून निघालो तेव्हा मी काळा कुळकुळीत होतो. १९६५ साली मालवणच्या हरिश्चंद्रशेटांच्या मोटारीला मी डावीकडे पुढच्या चाकावर चढलो. शेटांचं बाजारात खोबऱ्याचं दुकान होतं. मोटार मात्र शर्यतीची, बसकी, उघडी, दोनच माणसांची. पणजीच्या एका साहेबाकडून त्यांनी ती जुनी घेतली होती. "तिसरो माणूस खंय बसतलो, शेट?" म्हणून बाजार चेष्टा करायचा. पण गाडी सुटली की तोच बाजार तोंडात बोटं घालायचा.

शेटांची बायको दुर्गा चौके गावच्या शाळेत मास्तरीण होती. सकाळची एसटी शाळा भरल्यावर पोचायची, म्हणून ती मोटार चालवायला शिकली. काय हात होता तिचा! खड्डा दिसला की गाडी हळू घ्यायची, वळणावर मला कधी ओरबाडलं नाही. मला धुऊनपुसून ठेवायचीही तीच. मी तिच्यावर बेहद्द खूश होतो.

मग एका दुपारी शेट कुडाळहून एकटेच भरधाव येत होते. वळणावर रस्त्याकडेला जांभ्या दगडाचा चिरा पडला होता, त्यावर मी दाणकन आपटलो. चाकामागचा दांडा वाकला आणि मी बाहेरच्या अंगाला कलंडलो. शेटांनी उतरून चिखल पुसला आणि घरी चकार शब्द काढला नाही. आणि म्हणे हरिश्चंद्र!

तेव्हापासून सगळा भार माझ्या एकाच कडेवर आला. गाडी डावीकडे ओढायची आणि मी भराभर झिजायचो. शेटांच्या आईने, माईंनी, गाडीला लिंबू-मिरची बांधली, देवळात गाऱ्हाणं घातलं. अहो, दृष्ट कसली, दांडा वाकलाय दांडा! पण टायरला तोंड कुठे असतं?

एके दिवशी चौक्याच्या रस्त्यावर समोरून बैलगाडी आली. इशारा करायला दुर्गाने एक हात उचलला, तेवढ्यात मोटार डावीकडे जाऊन गटारात उतरली. नशीब, कुणाला खरचटलंही नाही. पण घरी माईंनी फर्मान काढलं.

"बायलमाणसाचो हातच वाकडो. उद्यापासून गाडयेक हात लावूचो नाय. शाळा सोडूची लागली तरी चलात!"

शेट खाली मान घालून चहा पीत राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला. नोकरी जाणार होती दुर्गाची, आणि त्या चिऱ्याची गोष्ट ठाऊक होती फक्त शेटांना.

दुर्गा माझ्यापाशी येऊन बसली. तिने माझ्या दोन्ही कडांवरून बोट फिरवलं, मग उजव्या टायरवरून फिरवलं. मग ती उठून तडक आत गेली.

दिवाळी जवळ आली होती. घरापुढचं खळं, म्हणजे अंगण, चोपून सपाट केलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुर्गाने ते शेणाने सारवलं आणि ओलं असतानाच शेटांना हाक मारली.

"गाडी ह्या खळ्यावरसून सरळ न्हेवा. मधी गेल्यार स्टेरिंगवरचो हात सोडा."

"पिसा लागला काय गो तुका? आताच सारवललला खळा!" माई ओरडल्या. पण दुर्गा हटली नाही. शेटांना गाडी काढावीच लागली.

मध्यावर त्यांनी दोन्ही हात वर धरले. गाडी आपणहून डावीकडे वळली आणि तुळशीवृंदावनाला लागता लागता त्यांनी ब्रेक दाबला. ओल्या शेणावर आमचे ठसे उमटले होते. उजव्या टायरचा पट्टा पुरा रुंद होता. माझा जेमतेम निम्मा, नुसत्या बाहेरच्या कडेचा.

"आता हात कोणाचो वाकडो, माई?" दुर्गाने ठशांकडे बोट दाखवत विचारलं.

माईंनी वाकून दोन्ही ठसे बघितले. शेट गाडीतून न उतरताच म्हणाले, "माई, माझोच. कुडाळच्या वाटेर मियाच गाडी चिऱ्यार घातलंय. सांगूक लाज वाटली."

सावंतवाडीच्या मिस्त्रीने दांडा सरळ केला आणि ओळंबा लावून चाक उभं केलं. माझी मात्र कड गेलेली ती गेलीच. माझ्या जागी नवा टायर बसला आणि मला भिंतीला टेकवून ठेवलं. पुढे एका होडीवाल्याने मागून नेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण भिंतीशी बसून मी एक गोष्ट बघितली. शाळेला निघायला दुर्गा पदर खोचून स्टेरिंगवर बसली, तर माई चपला घालून लगबगीने आल्या आणि शेजारच्या जागेवर बसल्या.

"माका वाटेत देवळाकडे सोड," त्या म्हणाल्या. "बघूया तरी, कशी चलवतंस ती."

मित्रांनो, कुणी झिजलेला दिसला तर त्याला नावं ठेवण्याआधी जरा वाकून बघा, त्याला वाकडं कुणी बसवलंय ते. आणि चिऱ्यावर गाडी तुम्हीच घातली असेल, तर घरी येऊन त्याच दिवशी सांगा. तुम्ही गप्प बसलात, की झिजतं दुसरंच कुणीतरी.