खंडेनवमीचं मेण

मस्कतहून परत येऊन पळस्पे फाट्याजवळ मी गाड्या चमकवायचं दुकान टाकलं, तेव्हा लोक म्हणाले, अंकुशचं डोकं उन्हानं फिरलंय. गाडी पुसायला घरची बादली आहे की! मी कुणाला उत्तर दिलं नाही. म्हणजे दिलं, चांगलं वरच्या पट्टीत दिलं, पण त्यानं गिऱ्हाईक काही वाढलं नाही. चौऱ्याण्णवच्या दिवाळीपर्यंत जम बसला नाही तर कुलूप लावायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

दसऱ्याच्या आठवड्यात नवीन पनवेलचे दीनानाथ वैद्य आले. कचेरीत नोकरी करणारा सरळ माणूस. त्यांनी एका डॉक्टरची काळी फियाट घेतली होती, घरातली पहिली गाडी. दसऱ्याला सकाळी नऊला बिल्डिंगखाली तिची पूजा होती आणि पूजेला पुण्याहून त्यांची आई येणार होती. पण डॉक्टरांच्या ड्रायव्हरनं वर्षानुवर्षं ती कोरड्या फडक्यानं पुसलेली. उन्हात नेली की अंगभर बारीक चरे दिसत. आईला गाडी जुनी वाटू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी छातीठोकपणे हो म्हणालो. ही गाडी साधली तर त्यांच्या कचेरीतल्या चार गाड्या येणार होत्या, नाहीतर कुलूप होतंच.

ह्या कामात घाई चालत नाही. भिंतीला लांबी भरावी तसं आधी ग्लेझ चऱ्यांत भरायचं. ते पहिल्या धुण्यात निघून जातं, म्हणून त्यावर सीलंटचा थर द्यायचा आणि तो दिवसभर वाळू द्यायचा. सगळ्यात शेवटी मेण. मेणाशिवाय काळा रंग नुसता चकचकतो, त्याला खोली येत नाही. मंगळवारी ग्लेझ, बुधवारी सीलंट, गुरुवारी मेण, शुक्रवारी दसरा, असा माझा चोख हिशोब होता.

गाड्या धुवायला माझ्याकडे हौसा होती. डोंगराकडच्या वाडीवरून चालत यायची, आधी वीटभट्टीवर होती. मेणाचं काम मला शिकवा, असं ती दोन वर्षं म्हणत होती आणि दोन वर्षं मी तिला एकच सांगत होतो, विटा उचललेले हात रंगाला लागले की संपलंच सगळं.

गुरुवारी सकाळी आलो तर हौसानं दुकान आधीच उघडलेलं, आणि मी जागीच थबकलो. पॉलिशचं मशीन, त्याच्या गाद्या, ब्रश, फडकी, सगळं पाटावर मांडलेलं, हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूची फुलं. खंडेनवमी! मस्कतच्या सात वर्षांत नवमी कधी आली नि कधी गेली कळत नसे, ती सवय अजून सुटली नव्हती, म्हणून मी वार मोजले होते, तिथी नाही. आणि पूजलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायचं नाही, हा आमच्या वडिलांपासूनचा नेम.

मी हौसावर तोंडसुख घेतलं. तिनं आठवण करून दिली की नवमीला पूजा मांडायला मीच तिला बजावलं होतं. हे खरं होतं, म्हणून मी आणखी चिडलो.

"शेट," ती म्हणाली, "मेणाचा डबा कपाटात हाय. हात काय हत्यार नाय. हातानं लावू या."

हातानं मेण लागतं, हे मला ठाऊक होतं. तळव्याच्या उबेनं ते पातळ होतं आणि छान पसरतं. हातच लावायचा तर तो माझा, असं म्हणून मी कोपऱ्यात पडलेल्या एका भंगार गाडीच्या काळ्या दरवाजावर आधी लावून पाहिलं. खिशातल्या मऊ रुमालानं पुसून उन्हात धरला तर नवे ओरखडे. थिनरनं माझे तळवे फाटून कातरलेले होते. मग हौसानं त्याच्याच उरलेल्या भागावर मेणाचा हात फिरवला. एक रेघ नाही! साबणाच्या पाण्यानं भट्टीचे घट्टे केव्हाच गेले होते. दोन वर्षांत मीच पाहिलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

बांगड्या रंगाला लागतील म्हणून तिनं त्या कोपराकडे सरकवून वर चिंधी बांधली. सणाच्या दिवशी त्या काढायला ती तयार नव्हती. बॉनेटपासून डिकीपर्यंत तिनं हातानं मेण लावलं, सारवताना फिरतो तसा हात फिरवत. पुसायला मी कोरं मलमलीचं कापड आणलं आणि खळ धुवून वाळवलं. कामाला न लागलेलं कापड हत्यार नव्हे, हा निवाडा माझाच. दुपार कलेपर्यंत गाडी झाली. मी नुसता डबा धरून उभा होतो.

शुक्रवारी आठ वाजता वैद्य आले. त्यांनी गाडी उन्हात काढायला लावली, सगळ्या बाजूंनी वाकून पाहिली, मग बॉनेटमध्ये दिसलेल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहून हसले. "अंकुशराव, शेवटचा हात कुणाचा?"

'माझा' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. मी तो गिळला.

"हौसाचा."

वैद्यांनी खिशातली आपट्याची पानं काढून तिच्या हातावर ठेवली. मग कचेरीतल्या साहेबांची गाडी कधी आणू, असं विचारलं. मी सवयीनं बोलायला तोंड उघडलं, पण ते तिच्याकडे बघत होते.

हौसानं जरा विचार केला. "सोमवारी आना, सायेब. आणि गाडी चार दिस ठेवाया लागंल."

मी तीनच दिवस सांगितले असते. पण मला राग आला नाही. मी आत जाऊन भिंतीवरच्या कामांच्या पाटीवर सोमवारपुढे खडूनं तिचं नाव लिहिलं.