एमिलचा मनोरा आणि लोरेटाचं शिकागो

माझा भाऊ एमिल खोटं बोलत नाही. हे मी कौतुकानं सांगतेय असं कुणी समजू नका. गाय विकायला काढली की गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत हा सांगणार, "लाथ मारते हं, डाव्या पायानं." गिऱ्हाईक टोपी सारखी करून निघून जातं आणि ती गाय पुढची कित्येक वर्षं ह्यालाच लाथा मारते.

अशा माणसाला शिकागोची बायको कशी मिळाली हे मला अजून उमगलेलं नाही. सैन्यात असताना तिथल्या कुठल्याशा नाचघरात भेटली म्हणे. लोरेटा तिचं नाव, पोलिश घरातली, गर्दीच्या गल्लीत वाढलेली. तिला ह्यानं आमच्या नेब्रास्कात आणून ठेवली. एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत इथं गवताच्या टेकड्या आणि वारा, दुसरं काही नाही. नशिबानं मी रस्त्यापलीकडेच राहत होते. म्हणजे नणंदही मीच आणि शेजारीणही मीच, तेव्हा नशीब कुणाचं ते तुम्हीच ठरवा. सुरुवातीला आमचं मुळीच पटायचं नाही. मी म्हणायची, हिचे डम्पलिंग फेकून मारले तर कोल्हा मरेल. ती म्हणायची, ह्या व्लास्ताच्या, म्हणजे माझ्या, कोलाचे पावांत जर्दाळू शोधायला भिंग लागतं. मग माझा नवरा गेला, तिची मुलं दूरदूर नोकरीला लागली, आणि भांडायला दुसरं कुणी उरलं नाही म्हणून आम्ही मैत्रिणी झालो.

लग्नाच्या वेळी एमिलनं तिला शब्द दिला होता, दर दोन वर्षांनी माहेरी नेईन. हा शब्द गुरांनी मोडला. गुरांना सोडून जाणार कसं? चाळीस वर्षांत लोरेटा दोनदा गेली, एकदा आईच्या मातीला, एकदा भावाच्या, आणि दोन्ही वेळा एकटी, बसनं.

तर अशा बाईच्या घरात एक दिवस डिश आली. भाकरीच्या ताटाएवढी ती थाळी छपरावर बसवली आणि लोरेटाच्या स्वयंपाकघरात शिकागो उतरलं. इथले नव्हेत, थेट तिथले चॅनेल, तिथल्या बातम्या, तिथली वाहतूक. बटाटे सोलता सोलता ती मला सांगायची, "आज सरोवराकडून वारा आहे, व्लास्ता. अंगात कोट हवाच." बाहेर आमच्याकडं घामाच्या धारा लागलेल्या असायच्या. मी म्हणायची, "घाल की मग. कोण अडवतंय?"

सगळ्यात तिला आवडायचे बर्फाचे दिवस. शिकागोत बर्फ झाला की पडद्याच्या तळाशी एक पट्टी सरकत जाते. आज बंद असलेल्या शाळांची नावं, एकामागून एक. लोरेटा हातातला झारा तसाच धरून उभी राहायची. नावं सरकत सरकत तिच्या शाळेपाशी आली, सेंट अपोलोनिया, की ती अशी काही हसायची, जणू सुट्टी हिलाच मिळाली. मी जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढलंय, तेव्हा मला ते हसू कळायचं. पण कळतं असं दाखवायची माझी पद्धत नाही.

त्या जानेवारीत मात्र पट्टी आली आणि नाव आलं नाही. सेंट अँड्र्यू आलं, सेंट अॅन आलं आणि एकदम सेंट बार्बरा.

"निसटलं असेल," मी म्हटलं.

"पुढच्या बर्फात बघते."

"फोन करून विचार ना."

"कुणाला? तिथं माझं कोण उरलंय?" मग झारा खाली ठेवत म्हणाली, "आणि 'आता नाही ती शाळा' असं कुणी म्हणालं तर?"

पुढचा बर्फ यायच्या आत कोर्टाचा निकाल आला. गावोगावच्या टीव्ही केंद्रांनी दावे लावले होते. लोक डिशवरून दूरच्या शहरांचे चॅनेल बघतात आणि आम्हाला कुणी बघत नाही, अशी त्यांची तक्रार. कोर्ट म्हणालं, ज्याच्या घरी जवळच्या केंद्राचं चित्र साध्या अँटेनावर नीट दिसतं, त्याला दूरचा चॅनेल मिळणार नाही. ज्याच्याकडं दिसत नसेल त्यानं तसं सिद्ध करावं. लोरेटानं आमच्या जवळच्या केंद्राकडं परवानगी मागितली. त्यांनी नाही म्हणून कळवलं. मग तिनं घरी चित्र किती येतं त्याची मोजणी मागितली.

आता आमच्या घरांच्या पूर्वेला मोठी टेकडी आहे. केंद्राचं चित्र तिला अडतं, साध्या अँटेनावर दिसतं ते नुसतं मुंग्यांचं वारूळ. म्हणजे मोजणीत लोरेटा जिंकणार हे ठरलेलंच. एकच अडचण होती आणि ती अडचण तिच्याच पलंगावर घोरत असायची.

आमच्या वडिलांच्या जुन्या पवनचक्कीचा मनोरा अंगणात उभा आहे. पाती केव्हाच गेली. तरुणपणी एमिलनं त्याच्यावर स्वतः बनवलेला अँटेना चढवला होता. पंचक्रोशीत कुणाकडं चित्र नव्हतं तेव्हा ह्याच्याकडं होतं. फुटबॉलच्या दिवशी लोक खुर्च्या घेऊन यायचे. बाकी कशात ह्याला कधी कुणी शाबास म्हटलेलं नाही. त्यामुळं तो मनोरा म्हणजे ह्याचा जीव की प्राण.

"मोजणीवाला आपला अँटेना लावणार, तुझा नाही," लोरेटानं त्याला आदल्या दिवशी बजावलं. "तू फक्त गप्प बसायचं. जमेल?"

"न जमायला काय झालं?"

"एमिल."

"अगं, बोलत नाही म्हटलं ना!"

मोजणीवाला आला एप्रिलच्या एका सकाळी. हॅलोरन म्हणून एक ढेरपोट्या, भला माणूस होता. त्याच्या व्हॅनमधून उंच होणारा खांब निघाला, टोकाला अँटेना, खाली यंत्र. घराच्या पुढं लावला. काटा हलेना. बाजूला लावला. काटा हलेना. लोरेटा दारात हाताची घडी घालून उभी होती आणि मी तिच्या मागं. चित्र वाईट असावं म्हणून देवाची प्रार्थना करणारी माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती.

हॅलोरन डोकं खाजवत म्हणाला, "छे! इथं काहीच मिळत नाही. ह्या भागात कुणाला चित्र दिसत असेल असं वाटत नाही."

झालं. एवढं ऐकलं आणि माझ्या भावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"दिसत नाही कसं? तुम्ही टेकडीकडं तोंड करून उभे राहिलात तर काय दिसणार? ह्या इकडं या, खुराड्यामागं. ती दोन टेकड्यांमधली खिंड दिसतेय का? तिकडं वळवा. आणखी. थोडं उत्तरेला. हं!"

हॅलोरन मान वर करून मनोऱ्याकडं बघायला लागला. "तो अँटेना तुम्ही बनवलाय?"

"एकोणीसशे बासष्टमध्ये," एमिल म्हणाला, आणि अशी छाती काढली की शर्टाची गुंडी तुटायची. तेवढ्यात यंत्राचा काटा उठला आणि उभाच राहिला.

मला तेव्हा वाटलं, धावत जाऊन ह्याच्या तोंडात कोंबडीचं पीस कोंबावं. लोरेटा आत गेली आणि दार लावून घेतलं, हळूच. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. नियमाप्रमाणं सगळ्यात चांगलं चित्र जिथून येतं तिकडंच अँटेना वळवायचा असतो, त्यामुळं हॅलोरनचाही नाइलाज होता. त्यानं आकडे लिहून घेतले. जाताना फाटकापाशी एमिलशी बराच वेळ काहीतरी बोलत राहिला.

"अरे, तुझ्या जिभेला काही हाड?" तो गेल्यावर मी त्याला धरला. "बायकोचं माहेर तोडलंस. कशासाठी? एका शाबासकीसाठी?"

"तो म्हणाला, दिसत नाही," एमिल म्हणाला. "दिसतं, व्लास्ता." आणि मग त्याचा चेहरा असा पडला की मला पुढं ओरडवेना.

काही दिवसांनी शिकागो गेलं. लोरेटाच्या पडद्यावर आमच्याच जिल्ह्यातला तो टक्कल पडलेला हवामानवाला आला, वारा वायव्येकडून. ते तर खिडकीतूनही दिसत होतं. ती बटाटे सोलायची, पण बोलायची नाही. एमिलला जेवायला वाढायची, पण बोलायची नाही. माझ्याशी बोलायची ती एवढंच की "आता बर्फ पडला तरी मला काय कळणार?" मी तिला नको तितके कोलाचे नेऊन दिले, जर्दाळू भरपूर घालून. तिनं खाल्ले आणि एकदाही भिंग काढलं नाही. तेव्हा मी खरी घाबरले.

जूनमध्ये एमिल ट्रकमागं एक कॅम्पर ओढत घेऊन आला. चाकांवरची खोलीच ती. आत झोपायला फळ्या, छोटी शेगडी, पडदे तपकिरी. उंदरांनी एक उशी खाल्लेली. घराशेजारी उभा केला आणि चिखलात चाक रुतलं.

"हे काय?" लोरेटा म्हणाली. कित्येक आठवड्यांत त्याच्याशी बोललेले तिचे पहिले शब्द ते.

"हॅलोरन म्हणाला, घराला दूरचे चॅनेल मिळत नाहीत. पण कॅम्परला मिळतात. कायद्यातच आहे. फिरस्त्यांसाठी." एमिल आपल्या बुटांकडं बघत होता. "त्याच्या छपरावर डिश बसवतो. तू इथं येऊन बस संध्याकाळी. मी शेगडी साफ करून देतो."

लोरेटानं कॅम्परकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. तिचं तोंड हलायला लागलं ते हसण्यासाठी की रडण्यासाठी, ते तिचं तिलाच ठाऊक नसावं.

डिशवाल्यांना एक कागद सही करून हवा होता. रात्रीच्या जेवणानंतर एमिल तो घेऊन टेबलाशी बसला आणि उठेचना.

"सही कर आणि मोकळा हो," मी म्हटलं.

"इथं लिहिलंय, हे वाहन प्रवासासाठी आहे. राहत्या घरासाठी वापरणार नाही."

"मग?"

"मग ते चिखलात रुतलंय, व्लास्ता."

"अरे देवा! कोण येतंय बघायला? तुझी ती लाथाळ गाय?"

एमिलनं पेन खाली ठेवलं. लोरेटा मोरीपाशी भांडी घासत होती. तिची पाठ ताठ झाली. मला वाटलं, आता हा दुसऱ्यांदा करणार. खरेपणापायी दुसऱ्यांदा तिचं शिकागो घालवणार, आणि मग ह्याला मी ह्याच टेबलाखाली पुरणार.

"सही करायची तर प्रवास करायला हवा," एमिल म्हणाला.

लोरेटा वळली नाही. "कुठं?"

"तुला जिथलं हवामान तोंडपाठ आहे तिथं."

लोरेटानं नळ बंद केला आणि म्हणाली, "आणि गुरं?"

दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघताय? मी म्हातारी बाई आहे!" मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही. गवत कापून झाल्यावर सप्टेंबरात ते निघाले आणि त्या गायीनं पहिल्याच दिवशी मला लाथ मारली. डाव्या पायानं. ह्यानं सांगितलं होतंच म्हणा.

चौथ्या दिवशी लोरेटाचा फोन आला. मागं गाड्यांचे भोंगे वाजत होते.

"व्लास्ता, तिकडं वारा आहे का गं? मी चादरी दोरीवर विसरले."

"शिकागोत बसून चादरींची काळजी करतेस?"

"सांग ना."

मी एमिलच्या मनोऱ्यावरून येणाऱ्या चित्रात टकल्या हवामानवाल्याला बघून तिला सगळं सांगितलं. वारा वायव्येकडून. चित्र अगदी स्वच्छ होतं, हेही सांगितलं, आणि एमिलला सांग म्हटलं.

शाळेचं ती फोनवर बोलली नाही. ते मला एमिलनं परतल्यावर सांगितलं. इमारत उभी होती. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, फाटकाला कुलूप. शेजारच्या दुकानदारानं सांगितलं, गेल्या वर्षी मुलं कमी पडली, शाळा उठवली. लोरेटा फाटकाच्या गजांतून आत बघत राहिली. कुठल्या खिडकीशी तिचा बाक होता ते तिनं एमिलला दाखवलं. मग तिच्या गल्लीतल्या बेकरीत त्यांनी जॅम भरलेले पोंचकी खाल्ले आणि सरोवरावर गेले. दिवसभर ती हसत होती. रडली ती परतीच्या वाटेवर, आयोवातल्या एका पेट्रोल पंपावर, केकचा तुकडा पुढ्यात घेऊन.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"मला काही सुचेना. मी पुन्हा पेट्रोल भरायला गेलो. टाकी भरलेलीच होती."

डिसेंबरात शिकागोत बर्फ झाला. संध्याकाळी आम्ही तिघं कॅम्परमध्ये बसलो होतो, अंगावर रजया, शेगडीवर कॉफी. कॅम्परची चाकं आता फळ्यांवर होती, कारण वसंतात पुन्हा जायचं ठरलं होतं. पडद्याच्या तळाशी पट्टी सरकू लागली. लोरेटाच्या हातातला कप मध्येच थांबला. काय येणार नाही ते तिला माहीत होतं, तरी ती बघत होती. मला वाटलं, उठावं आणि चॅनेल बदलावा.

सेंट अँड्र्यू गेलं. सेंट अॅन गेलं.

"सेंट अपोलोनिया," एमिल म्हणाला.

पट्टीवर सेंट बार्बरा होतं. माझ्या भावानं पडद्यावर नसलेलं नाव वाचलं होतं, मोठ्यानं, त्याच्या ठरल्या जागी, अगदी गाय विकताना बोलतो तशा आवाजात. मी त्याच्याकडं बघतच राहिले. इतक्या वर्षांत ह्या माणसाच्या तोंडून एवढंच एक खोटं मी ऐकलं, आणि ते ऐकून मला त्याचा इतका अभिमान वाटला की माझ्या तोंडून एकही टोमणा निघाला नाही.

लोरेटानं पडद्यावरची नजर काढली नाही. फक्त रजईखालून हात सरकवून त्याचा हात धरला, आणि बंद शाळांची नावं पुढं जात राहिली.