फेस बसेपर्यंत

घड्याळजींनी ग्लास तिरका धरून बियर ओतली, टेबलावर ठेवली आणि स्टॉपवॉचचं बटण दाबलं. पलंगावरून बायको फेसाकडे टक लावून बघत होती. फेस बसल्यावर तिने विचारलं,

"किती झालं?"

"एक मिनिट बावन्न सेकंद."

"बरा टिकला. आता घोट घ्या. गिळायची घाई नको."

सव्वीस वर्षं ती बियरच्या कारखान्यात चव तपासायच्या कामावर होती. कुठल्या टाकीचं झाकण नीट बसलेलं नाही, हे एका घोटात सांगायची. मग घशाचं दुखणं आलं. उपचारांत वास गेला, चव गेली आणि जेवण पोटातल्या नळीतून सुरू झालं. घड्याळजींच्या जिभेचा तर आनंदच होता. चहात साखर विसरली तरी त्यांना पत्ता नसे. पण आता घरात चालू स्थितीतली जीभ तेवढी एकच उरली होती.

"कडू आहे," ते म्हणाले.

"अहो, कडू कशासारखं? संत्र्याच्या सालीसारखं, की औषधाच्या गोळीसारखं?"

त्यांनी पुन्हा घोट घेतला, तोंडात घोळवला.

"सालीसारखं. आतल्या पांढऱ्या भागासारखं."

तिने डोळे मिटले. काहीतरी खाली उतरावं तसा तिचा गळा हलला.

ही सगळी उलटतपासणी घड्याळजी आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसून लिहून काढत आणि बियरच्या एका वेबसाइटला पाठवत. हट्ट तिचाच. मजकूर साइटवर आला की तो तिला वाचून दाखवायचा आणि तिने त्यात चुका काढायच्या, हा शिरस्ता. संपादक मात्र वैतागला होता.

"काका, नमनालाच घडाभर तेल घालता तुम्ही," तो फोनवर म्हणाला. "घ्यावी की नको, एवढंच लोकांना हवं असतं. सालीचा पांढरा भाग कोणासाठी लिहिता?"

"आहे एक वाचक."

"एका वाचकासाठी दोन पानं?"

"त्या वाचकाला तीही कमीच पडतात."

थंडी सरता सरता ती गेली. भाड्याने आणलेला पलंग माणसं येऊन घेऊन गेली, भिंतीवर त्याच्या कडेची रेघ राहिली. महिनाभर घड्याळजींनी दुकान उघडलं नाही. सत्तराव्या वर्षी त्यांना पोरकं वाटत होतं, आणि हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

फ्रिजमध्ये तिने निवडलेली शेवटची बाटली होती. एका दुपारी त्यांनी ती उघडली, प्यायली आणि लिहून पाठवलं: 'चव बरी. घ्यायला हरकत नाही.'

दुसऱ्या दिवशी संपादकाचा फोन आला. घरात काय झालं, हे त्याच्या कानावर असायचं कारणच नव्हतं.

"आता कसं बोललात, काका. एका ओळीत काम झालं. असंच लिहीत जा."

"बरं."

"काही सांगायचं राहिलं नाही ना?"

घड्याळजींनी टेबलाकडे पाहिलं. स्टॉपवॉच कालपासून तिथेच होतं. हाताने सवयीने बटण दाबलं होतं, फेस बसल्यावर पुन्हा दाबलं होतं. काटा दोन मिनिटं सात सेकंदांवर थांबला होता. आजवर कुठलाच फेस इतका टिकला नव्हता. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली असती.

"नाही," ते म्हणाले. "काही राहिलं नाही."