विमानात कान दुखतात

मुंगीने तोंडातलं केळं नव्या आईच्या चष्म्यावर फुर्रकन उडवलं, आणि मावशीला मनातल्या मनात बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून लगेच लाजही वाटली. तिने ओट्यावरचा ओला फडका पुढे केला.

"असंच करते ती. चमचा अर्धाच भरायचा," मावशी म्हणाली.

नव्या आईने चष्मा पुसून पुन्हा चढवला आणि चमचा अर्धा भरला. दातांची डॉक्टर होती ती. भल्याभल्यांना आ करायला लावण्यात तिचा दिवस जायचा, पण हे सव्वा वर्षाचं तोंड काही तिला दाद देत नव्हतं. तीन दिवस ती आणि तिचा नवरा लॉजवर राहून रोज इथे येत होते. पहिल्या दिवशी नुसतं समोर बसायचं, दुसऱ्या दिवशी आंघोळ घालायची, तिसऱ्या दिवशी भरवायचं आणि निजवायचं, असा संस्थेचा शिरस्ता होता. नवे आईबाप जितके पुढे येतील तितकं मावशीने मागे सरायचं.

दत्तक जाणारी मुलं, घर मिळेपर्यंत, मावशी आपल्या दोन खोल्यांत सांभाळायची. त्यांच्याकडून आई म्हणवून घ्यायचं नाही, हा पहिला नियम. म्हणून ती मुलांची मावशी, संस्थेची मावशी, आणि आता तर खालचा इस्त्रीवालाही तिला मावशीच म्हणायचा. मुंगीच्या आधी चार जणं आली आणि गेली होती, पण ती चार-सहा महिन्यांची पाहुणी. मुंगी मात्र दहा दिवसांची असताना आली, कोर्टात कागद अडकले, आणि बघता बघता दुडदुडायला लागली. सगळीकडे घुसायची, सगळं तोंडात घालायची, म्हणून मुंगी. नव्या आईबापांनी तिला चांगलंसं नाव ठरवलं होतं. मावशीने ते दोन-चारदा म्हणून पाहिलं होतं, पण जिभेवर काही बसत नव्हतं.

नवा बाप भिंतीला टेकून मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. नकाशे काढणारा माणूस, सगळं आधी आखून ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"मावशी, तुम्हीच सांगा आता," तो म्हणाला. "विमान उद्या पहाटेचं आहे, जेवायच्या आत घरी. रेल्वे उद्या रात्रीची, ती परवा दुपारी पोचवेल. आम्हाला दोन्ही चालेल. हिला काय सोसेल?"

मावशी बशीतलं उरलेलं केळं कुस्करत राहिली. विमान म्हणजे आज संध्याकाळी मुंगीचं बोचकं बांधायचं आणि पहाटे ती गेलेली असणार. रेल्वे म्हणजे उद्याचा अख्खा दिवस.

"रेल्वेनेच न्या," ती म्हणाली. "विमानात कान दुखतात लहान मुलांचे. रडून रडून जीव काढेल."

खरं काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. विमान वर चढताना आणि खाली उतरताना तोंडात दुधाची बाटली दिली, मूल गिळत राहिलं, की कानांचं काही होत नाही. आधीच्या दोघांना तिनेच तशा बाटल्या भरून दिल्या होत्या. शिवाय मुंगी झोपेची कच्ची. शेजारी भांडं पडलं तरी दचकून उठायची. खडखडणाऱ्या गाडीत, अनोळखी कुशीत तिची रात्रभर ससेहोलपट होणार, हेही मावशीला ठाऊक होतं. सगळं ठाऊक असून ती खोटं बोलली, आणि बोलताना तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"पण हल्ली इतकी लहान मुलं विमानाने..." नवा बाप म्हणू लागला.

नव्या आईने मावशीकडे पाहिलं. मग चमच्याकडे पाहिलं.

"रेल्वेनेच जाऊ," ती नवऱ्याला म्हणाली. "मावशी म्हणतायत ना."

मावशीचा जीव भांड्यात पडला. ती उठून उगाचच पाणी प्यायली.

मावशीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर वर-खाली करून शेवटी आहे तिथेच, असं स्वतःच्या कामाबद्दल सांगून तो समोरच्याच्या आधी हसायचा. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा पाहुणे लॉजवर परतले होते आणि मुंगी पलंगाखाली शिरून चप्पल चाटत होती. त्याने तिला पायाला धरून अलगद बाहेर ओढलं.

"पहाटे जाणार ना आमची मुंगळी?"

"रात्री. रेल्वेने."

"रेल्वेने? ते कशाला?"

"विमानात कान दुखतात."

"कुणाचे?"

मावशीने झबल्यांचा ढीग पुढे ओढला. नवऱ्याने मुंगीच्या हातातली चप्पल सोडवून घेतली.

"आधीची दोघं विमानानेच गेली की गं. त्यांना काय कान नव्हते?"

त्याच्या ओठांवर आणखी काहीतरी आलं होतं, बायकोची फिरकी घ्यायची संधी तो सहसा सोडत नसे. पण मावशी एकच झबलं घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घडी घालत होती. त्याने ते पाहिलं आणि शब्द गिळले.

"बरं," तो म्हणाला. "दूध आणायचंय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या आईचा फोन आला. लॉजवरचं सामान आवरायचंय, यायला दुपार होईल, चालेल ना? मावशीने चालेल म्हणताना आवाजातला आनंद कसाबसा आवरला.

त्या सकाळी तिने काहीही वेगळं केलं नाही. तिला रोजच्यासारखीच सकाळ हवी होती. मुंगीला आंघोळ घातली, तेव्हा मुंगीने साबण पळवला. खिडकीतल्या उन्हात बसवून केस पुसले. मग जिन्यावर नेलं. एकेक पायरी बसून उतरायची, हा मुंगीचा रोजचा उद्योग. तळाशी पोचली की वर बघून टाळ्या पिटायची, आणि मग तिला उचलून वर आणायचं काम मावशीचं. गुडघे बोलायला लागले होते तरी मावशीने तिला तीनदा उतरू दिलं. खालच्या इस्त्रीवाल्याने विचारलं, "आज काय मावशी, सुट्टी?" ती हसली. दूध पिऊन मुंगी तिच्या पोटावरच झोपली. मावशीने तिला खाली ठेवलं नाही. खरकटी तशीच पडली, कपडे बादलीत तसेच राहिले, आणि मावशी हललीसुद्धा नाही. झोपलेल्या मुंगीच्या टाळूचा वास घेत ती इतकी रडली की शेवटी पोट हलून मुंगी जागी झाली.

दुपारी पाहुणे आले. नव्या बापाच्या हातात दोन बॅगा होत्या, नव्या आईकडे एक मऊ पांघरूण. मुंगी चष्मा बघून हसली. मावशी बाजूला झाली आणि सवयीने दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसली. मागे सरायचं म्हणजे नेमकं कुठे बसायचं, हे आता तिचं ठरलेलं होतं.

मग ते झालं. मुंगी पांघरूण ओढत खोलीभर फिरत होती. पांघरूण पायात अडकलं, आणि ती तोंडावर आपटली ती थेट मावशीच्या स्टुलापाशी. ओठ फुटला. क्षणभर आवाजच नाही, आणि मग घर डोक्यावर घेईल असा टाहो.

मावशी स्टुलावरून उतरून खाली बसलीही होती. हात पुढे केले होते. मुंगी हाताच्या अंतरावर होती. नवी आई खोलीच्या दुसऱ्या टोकाला, बॅगेची चेन लावत, तिथेच दगडासारखी थिजलेली. मुंगी उठली. रडता रडता तिने मावशीकडे पाहिलं. मग मान वळवली, आणि तोंडातलं रक्त गाळत, पडत-धडपडत, ती खोली ओलांडून चष्म्याकडे गेली.

संस्थेच्या बाई रोज फोनवर एकच प्रश्न विचारायच्या. लागलं की कुणाकडे जाते? ज्याच्याकडे जाते त्याची ती झाली, मावशी, मग आपलं काम संपलं. आधीच्या चौघांच्या वेळी बाईंना या प्रश्नाचं उत्तर देताना मावशीला थोडा अभिमानही वाटला होता. आज तिचं काळीज फाटलं. पुढे केलेले हात परत कसे घ्यायचे, हेच तिला सुचेना. शेवटी तिने जमिनीवरचं पांघरूण उचललं आणि ते झटकत स्वयंपाकघरात गेली.

तिथे नळ सोडून ती उभी राहिली. हे तिला बघायचं नव्हतं. पहाटेच्या विमानाने मुंगी गेली असती तर हे दिसलंच नसतं. केळं थुंकणारी, चष्म्याला न बधणारी मुंगी तिच्याजवळ राहिली असती, जन्मभर. खोटं बोलून, हट्टाने मिळवलेल्या दिवसाने तिला हे दाखवलं होतं.

बाहेरचं रडणं हुंदक्यांवर आलं, मग थांबलं. मावशीने नळ बंद केला.

नवी आई मुंगीला खांद्यावर घेऊन दारात आली. मुंगीने तिच्या गळ्यात तोंड खुपसलं होतं आणि डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या कॉलरवर रक्ताचे डाग पडले होते.

"दात शाबूत आहेत," नवी आई म्हणाली. "ओठाला जरासं लागलंय फक्त."

"ताई," मावशी म्हणाली, "संध्याकाळचं विमान असतं ना?"

"असतं."

"दादांना बघायला सांगा मिळतंय का. रेल्वे नको. हिची झोप फार कच्ची आहे, रात्रभर गाडीत हाल होतील तिचे. घरी जाऊन आपल्या अंथरुणात झोपू दे."

मावशीने ओट्याची कड धरली.

"कानांचं काही नसतं. चढताना बाटली द्यायची आणि उतरताना द्यायची. गिळत राहिली की दुखत नाही. मी खोटं बोलले तुमच्याशी."

"माहीत होतं मला."

"बाटलीचं?"

"बाटलीचं. आणि तुम्ही खोटं बोललात तेही."

मावशीने प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. चष्म्याची एक काच तिरकी झाली होती, मुंगीने ओढलेली. झोप न झालेले डोळे. आज पहाटेच निघायला मिळावं म्हणून ही किती उतावीळ झाली असेल, हे मावशीच्या आत्ता ध्यानात आलं. सहा वर्षं वाट बघितली होती यांनी, बाईंनी सांगितलं होतं.

"मग गप्प का बसलात? सकाळीसुद्धा आला नाहीत तुम्ही."

नव्या आईने मुंगीचं डोकं सांभाळत दुसऱ्या खांद्यावर घेतलं. घेणं अजून अवघडलेलंच होतं.

"एकच तर दिवस मागत होतात," ती म्हणाली. "इथून पुढचे सगळे माझेच आहेत."

मावशीला तिचा राग यावा असं फार वाटलं. राग आला असता तर सोपं झालं असतं. तिने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "बसा तिथे. मी दूध तापवते."

तिकिटं मिळाली. नव्या बापाने तीनदा खात्री करून घेतली आणि कुणी काही सांगितलं नसतानाही एकदाही का म्हणून विचारलं नाही. मावशीचा नवरा लवकर घरी आला. आज लिफ्टच्या गोष्टी नाहीत, काही नाही, त्याने दोन्ही बॅगा उचलल्या आणि गुपचूप खाली टॅक्सीत नेऊन ठेवल्या. मावशीने दोन बाटल्या उकळून भरल्या. मनगटावर थेंब पाडून पाहिला. एक बाटली पिशवीत घातली, एक हातात ठेवली.

विमानतळावर पोचवायला जायचं नाही, निरोप दारातच घ्यायचा, हाही नियमच होता. त्याहून कडक नियम एक होता. निघताना मुलाने हात पुढे केले तर घ्यायचं नाही. एकदा घेतलंत की आपण कुणाचे ते त्याला कळेनासं होतं, बाई म्हणायच्या, मग पुढचे चार दिवस त्या घराला फार जड जातात.

नवी आई उंबऱ्याबाहेर थांबली. तिच्या कडेवरून मुंगीने जिना पाहिला. आता बसून उतरायचं, आणि मग कुणीतरी उचलून वर आणायचं, असा हिशेब तिच्या डोक्यात आला असावा. ती खुशीत ओरडली. सुजलेल्या ओठांनी हसली. आणि वळून तिने दोन्ही हात मावशीकडे पसरले.

"ये, ये," म्हणत ती बोटं उघडत-मिटत राहिली.

नवी आई जागच्या जागी उभी होती. तिने मुंगीला जरासं पुढेही केलं.

मावशीने एक पाऊल मागे घेतलं. मग हात लांब करून पसरलेल्या त्या दोन हातांत बाटली दिली.

"ही घे," ती म्हणाली. "वर गेल्यावर प्यायची हं, आईकडून."