ताईच्या पायातली काच

टण्णकन ताटलीत काचेचा तुकडा पडला आणि हॉलभर माणसं शहारली. काचबुवांनी ताईच्या नडगीवर टेकवून तोंडानं ओढलेली पितळी नळी बाजूला ठेवली, ओठ पुसले आणि म्हणाले, "काळजाकडेच निघाली होती. वाटेत अडवली." मागून कुणीतरी हात जोडले. मग काय, सगळ्यांनीच जोडले, आमच्या भावोजींनीसुद्धा. मी तेवढा भिंतीला टेकून दात खात उभा होतो.

सगळा घोळ एका शब्दानं केला. ताई शिवणकारखान्याच्या जिन्यावरून पडली आणि नडगीच्या हाडाचा चुरा झाला. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन करून मधली पोकळी भरली आणि जाता जाता सांगितलं, "काचेपासून बनवलेलं भरण घातलंय." ताईच्या सासूबाईंनी त्यातली काच तेवढी ऐकली.

"पायात काच रुतली तर आपण काढतो," त्या म्हणाल्या, "आणि ही बाई मुद्दाम घालते?"

झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी, की हिच्या पायात खिडकीचं तावदान फोडून भरलंय. अंगात रुतलेलं नळीनं ओढून काढणाऱ्या काचबुवांना गल्लीच्या हॉलवर बोलवायला कितीसा वेळ लागणार? दोन बैठकांत त्यांनी ताटलीभर काच काढली आणि फर्मान सोडलं, "पाय मोकळा झाला. काठी टाक आणि चाल." ताई चालली. जखम उसवली, पाय सुजून लालभडक झाला.

भावोजींशी भांडून मी तिला दवाखान्यात नेलं. बाईंनी नवा एक्स-रे जुन्याशेजारी लावला. "काही निघालेलं नाही. भरण जिथल्या तिथं आहे." मग त्यांनी तळहातावर नमुन्याचे खडे ओतले. भाजल्या मातीसारखे, पांढरे, बारीक भोकांचे. "ही काच पुन्हा तापवून तिच्यात स्फटिक वाढवतात. शरीरात तिच्यावर हाडातलाच क्षार साचतो, मग हाड तिला आपली समजून धरून ठेवतं. पण त्याला महिने लागतात हो. तुम्ही आत्ताच भार दिलात, वर पू झालाय. औषधांनी आटोक्यात आलं नाही तर सगळं काढावं लागेल, आणि पायाची खात्री मी देत नाही."

बुवांचे तुकडे मी रुमालात बांधून आणले होते. हिरवे, आरपार दिसणारे. एकावर औषधाच्या बाटलीवरची मापाची रेघसुद्धा होती. ताईनं तो तुकडा बराच वेळ हातात धरला.

पुढच्या बैठकीला न्यायचा हट्ट तिनंच धरला. हॉल खच्चून भरलेला. बुवांनी अर्धा तास स्वतःचे गुण गायले, पाठ फिरवून झोळी चाचपली आणि नळी उचलली.

"बुवा, आधी चूळ भरा," ताई म्हणाली. "जखम चिघळलीय. तोंड स्वच्छ हवं."

बुवांनी खुणेनं सांगितलं, मौन आहे. मौन त्यांना बरं तेव्हाच आठवलं.

सासूबाई बिचाऱ्या भोळेपणानं तांब्या घेऊन पुढे झाल्या. "भरा की बुवा, पाणीच तर आहे. पोरीच्या पायाचा प्रश्न आहे."

नाही म्हणायला कारण उरलं नाही. बुवांनी घोट घेतला, तोंड न हलवता गिळायला गेले आणि ठसका लागला. पाण्याबरोबर ताटलीत तीन हिरवे तुकडे आले. ताईचा पाय तेव्हा नळीपासून हातभर लांब होता.

कुणी बुवांना हात लावला नाही. लोक चपला शोधू लागले, एकमेकांकडे न बघता. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. मला मात्र चेव आला. "बघितलंत, अडाण्यांनो," मी सुरू झालो.

"गप बस," ताई म्हणाली. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. जिभेनं तुकडा पुढे सरकवताना मी बघितलं त्याला. पण सगळी गल्ली माझ्यासाठी जमलेली, सासूबाई रडत होत्या. मला लाज वाटली. मीच बरं वाटतंय म्हणाले, आणि एकदा म्हटल्यावर चालावंच लागलं."

दात खाणारा मी तरी काय करत होतो? ताईच्या सासरी तमाशा नको म्हणून मीही एक प्रश्न विचारला नव्हता.

महिन्याभरानं भरण काढावं लागलं. म्हणून हात जोडून सांगतो, शंका आली की तिथल्या तिथं, चारचौघांत विचारा. डॉक्टरलाही विचारा, समजेपर्यंत विचारा. लाज वाटेल, वाटू दे. आमच्या ताईचा पाय आज बोटभर आखूड आहे, तो एकट्या बुवानं केलेला नाही. आम्ही सगळे गप्प बसलो, म्हणून झालाय.