खंडेनवमीला पूजलेला बोर्ड

मित्रांनो, तुमच्या घरी टीव्हीच्या मागे नाहीतर पलंगाखाली धूळ खात पडलेला माझा एखादा भाऊबंद असेलच. एरवी आम्हाला कुणी विचारत नाही. पण कूलर लावायची वेळ आली की सगळं घर ओरडतं, "अरे, तो बोर्ड कुठं गेला?" मी त्यातलाच एक जुना एक्स्टेंशन बोर्ड, राहणार आदिलाबाद.

माझा जन्म बंडू मिस्त्रींच्या दुकानातला. लाकडी पेटी, दोन सॉकेट, एक बटण, एक लाल दिवा आणि तीस फूट वायर, एवढं माझं शरीर. भाजीवाल्या दादाजींच्या हातात मला देताना बंडूभाऊंनी बजावलं होतं, "एक बल्ब, एक काटा, लईत लई एक पंखा. याच्यावर जास्त लोड टाकू नका, दादाजी." दादाजींनी ते तंतोतंत पाळलं. नऊ वर्षं मी त्यांच्या दुकानात वांग्या-टमाट्यांवर उजेड पाडला, वजनकाट्याला वीज पुरवली आणि उन्हाळ्यात म्हाताऱ्याला वारा घातला. "पोरगं दगा देईल, पण हा बोर्ड नाई देणार," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. ते ऐकून माझा लाल दिवा जरा जास्तच लाल व्हायचा, असं मला आपलं वाटायचं.

मग दादाजींच्या गुडघ्यांनी संप पुकारला. दुकान बंद झालं आणि मी त्यांच्याबरोबर दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. तिथं त्यांची सून दामिनी होती. ती सरकारी नर्स. तामसी गावाच्या पुढच्या चार गावांत लसीचा डबा घेऊन हिंडायचं तिचं काम. बस तामसीपर्यंत नेते, पुढं सगळी पायपीट. म्हणून तिनं आपल्या पगारातून इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. गाडी सुंदर होती, पण तिची बॅटरी निघत नव्हती. चार्जिंग करायचं तर खाली पार्किंगमध्येच करावं लागणार होतं, आणि पार्किंगच्या भिंतीवर चार्जर बसवायला अपार्टमेंटच्या असोसिएशनची परवानगी हवी होती.

असोसिएशन म्हणजे अध्यक्ष उद्धवराव. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. दामिनीनं जून महिन्यात अर्ज नेऊन दिला.

"हे काय? साधा अर्ज? दरख्वास्त तीन प्रतीत लागते, पोरी."

तिनं तीन प्रती दिल्या. उद्धवरावांनी त्या टेबलाच्या खणात ठेवल्या आणि म्हणाले, "चूद्दाम." चूद्दाम म्हणजे 'बघू'. कचेरीतला त्यांचा लाडका तेलुगू शब्द. या एका शब्दावर जुलै गेला, ऑगस्ट गेला. दामिनीनं विचारलं की उत्तर ठरलेलं, चूद्दाम.

मग काय, गाडीचं पोट भरायला मलाच पुढं केलं. वायर कमी पडत होती, म्हणून दामिनीनं दुसरी जोडून घेतली आणि सांध्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी खाली लोंबकळायला लागलो. खाली एका स्टुलावर माझी पेटी, शेजारी गाडी. बल्ब आणि काट्यावर वाढलेला मी! चार-चार तास तो लोड ओढताना वायर तापायची, लाकडाला वास यायचा. मित्रांनो, मला अभिमानही वाटत होता आणि भीतीही. खरं सांगायचं तर भीतीच जास्त.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा असते. अपार्टमेंटमध्ये हत्यारं कुठली? म्हणून बायकांनी गाड्या धुतल्या, पाण्याची मोटर पुसली, वॉचमनच्या झाडूलासुद्धा हळदीकुंकू लागलं. उद्धवरावांच्या पत्नी विमलबाई ताट घेऊन सगळ्यात शेवटी आल्या. फार भाविक बाई. त्या दामिनीच्या स्कूटरजवळ थांबल्या, मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"गाडी याच्यातूनच तं जेवते," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मग याले काऊन सोडायचं?"

नऊ वर्षं दुकानात होतो, पण दादाजींनी वजनकाट्याला कुंकू लावलं, मला कधी नाही. आज पहिल्यांदा कुणीतरी माझी पूजा करत होतं! विमलबाईंनी कुंकू कालवून लावलं, अक्षता वाहिल्या, फुलानं पाणी शिंपडलं आणि ते झेंडूचं ओलं फूल नेमकं रिकाम्या सॉकेटच्या भोकांवर ठेवलं. माझा जीव आनंदानं भरून आला आणि भीतीनं अर्धाही झाला. अहो बाई, पाणी! पण मला तोंड कुठं होतं?

विमलबाई लिफ्टमध्ये शिरल्या. त्याच वेळी वर दामिनीनं, गाडी उद्यासाठी भरून ठेवावी म्हणून, स्वयंपाकघरातलं बटण दाबलं.

फट्ट! माझ्या तोंडातून जाळ निघाला, पेटीचा पुढचा भाग काळाठिक्कर पडला आणि साऱ्या इमारतीचा मेन खाली आला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत विमलबाई, हातात विझलेलं निरांजन, आणि आवाज असा की पार नेरडीगोंडा गावापर्यंत जावा. पंचवीस मिनिटांनी त्यांना बाहेर काढलं तेव्हा त्या थरथरत होत्या, आणि उद्धवराव त्यांच्यापेक्षा जास्त.

"माही बायको मेली असती!" ते गरजले. "ही गाडी दिवाळीपर्यंत या पार्किंगमधून हटली पाहिजे. दरख्वास्त नामंजूर. आणि हा बोर्ड जप्त!"

काळ्या पडलेल्या तोंडावरचं कुंकू कुणाला दिसलंच नाही. विमलबाईंनी बोलायला ओठ उघडले होते, पण नवऱ्याचा तो अवतार बघून मिटले. मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून जिन्याखालच्या ऑफिसच्या खिडकीत ठेवण्यात आलं. तिथून मला रोज दामिनी दिसायची. पहाटेच्या बसला जायची, दिवेलागणीला सुजलेल्या पायांनी परत यायची. गाडी उभ्याउभ्या धुळीनं माखली. विकायला गिऱ्हाईकही बघून झालं होतं.

एका बुधवारी ती आली ती पायरीवरच बसली. विमलबाई तिथंच भाजी निवडत होत्या.

"काय झालं वं?"

"काही नाई, काकू. चौथ्या गावाले पोहोचली तवा दुपार झाली. बाया लेकरं घेऊन वाट पाहून राह्यल्या होत्या, पण कापूस वेचायले जाणं होतं त्यायले. निंघून गेल्या. सात लेकरं लसीवाचून राह्यली." तिनं पायातली चप्पल काढली. "गाडी होती तवा असं एकदाबी झालं नाई."

विमलबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. त्यांनी खिडकीकडं, म्हणजे माझ्याकडं पाहिलं आणि झटकन मान वळवली. बोला ना बाई, मी मनातल्या मनात ओरडत होतो. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. तिसऱ्या कुणाला कळायचं कसं?

दिवाळीच्या आधीच्या रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून मीटिंग भरली. उद्धवरावांनी पुरावा म्हणून मला टेबलावर ठेवलं. दामिनीनं बंडूभाऊंना बोलावून आणलं होतं. इतक्या वर्षांनी माझा बाप मला भेटत होता. त्यांनी मला उचललं, काळ्या पट्टीचा सांधा बघून कपाळावर हात मारला.

"दामिनीताई, हे गुंडाळणं तुमची चूक. याच्यावर गाडी लावायचीच नोती. मी पहिल्याच दिवशी सांगतलं होतं."

"मानते, भाऊ," दामिनी खाली मान घालून म्हणाली.

"पण जाळ सांध्यात झाला नाई, पेटीत झाला." बंडूभाऊंनी स्क्रू काढले आणि मला टेबलावर उपडं केलं. माझ्या पोटातून जळालेल्या अक्षता पडल्या, कुंकवाचा वाळलेला लगदा पडला, आणि झेंडूच्या करपलेल्या पाकळ्या.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. "हे कोणी केलं?" उद्धवरावांनी दरडावून विचारलं. पूजा तर सगळ्याच बायकांनी केली होती.

आणि मग विमलबाई उभ्या राहिल्या. पदराचं टोक मुठीत, आवाज बारीक, पण सगळ्यांना ऐकू येईल असा.

"मी केलं. देवाचं म्हणून केलं, पाणी बी मीच शिंपलं. या पोरीचा काही गुन्हा नाई. ती पायपीट करून राह्यली अन् मी इतके दिवस भेवानं गप बसली. अन् अहो, तुमी जूनमधीच दस्तखत केले असते तं हा बोर्ड खिडकीतून लटकलाच नसता."

मित्रांनो, असोसिएशनच्या अध्यक्षांना भर मीटिंगमध्ये त्यांच्याच घरातून कुणी बोललं, हे त्या इमारतीत पहिल्यांदाच घडत होतं. उद्धवराव गोरेमोरे झाले. मला वाटलं, आता फुटणार. पण माणूस कडक असला तरी सरळ होता. त्यांनी खणातून जूनच्या तीन प्रती मागवल्या, चष्मा लावला आणि बंडूभाऊंना प्रश्न विचारायला सुरुवात केली. लाईन कुठून येणार? दामिनीच्या स्वतःच्या मीटरवरून. अर्थिंग? वेगळं. गडबड झाली तर? फक्त तिचाच स्विच पडेल, लिफ्ट चालू राहील.

"लिफ्ट चालू राहील?" त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

"राहील, साहेब."

"मुआयना, म्हणजे तपासणी, मी स्वतः करणार." आणि तिन्ही प्रतींवर त्यांनी सही केली. दामिनी उठली आणि विमलबाईंच्या गळ्यात पडली. मी उघड्या पोटानं टेबलावर पडून होतो, पण इतकं हलकं मला दुकानातल्या पहिल्या दिवशीही वाटलं नव्हतं. चला, सुटलो!

आठवड्याभरात भिंतीवर पांढराशुभ्र चार्जर बसला. झाकण असलेला, जाड वायरचा, असल्या कामासाठीच जन्मलेला. धनत्रयोदशीला दामिनीची गाडी त्यावर पहिल्यांदा भरली, आणि दुसऱ्याच दिवशी ती चौथ्या गावाला जाऊन त्या सातही लेकरांना लस देऊन आली. चार्जरच्या खाली उद्धवरावांनी आपल्या वळणदार अक्षरात पाटी लावली आहे, 'पूजा दोन हात दूर भिंतीवर करावी'. तिथं दोन हात मोजून कुंकवाची बोटंही उमटलेली आहेत.

माझी वायर काढली, पेटी पुसली, आणि दादाजींनी मला आपल्या कपाटात वजनकाट्याशेजारी ठेवलं. पोरांनो, मला सांभाळा असं मी म्हणत नाही, माझं झालं आता. पण तुमच्या घरातल्या माझ्या भावंडांवर त्यांच्या ताकदीबाहेरचं ओझं टाकू नका, त्यांना पाण्यापासून जपा. आणि कुणी परवानगी मागायला आलं तर त्याचा कागद खणात ठेवून देऊ नका.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी विमलबाई ताट घेऊन वर आल्या. त्यांनी दादाजींना कपाट उघडायला लावलं. कुंकवाचं बोट माझ्यापाशी आणलं आणि भिऊन मध्येच थांबल्या.

दादाजी हसले. "लावा, बाई. आता नाई त्याच्यात करंट."

त्यांनी कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, फुलानं पाणी शिंपडलं. त्या पाण्याचा गारवा मला या वेळी नीट कळला.